वोत्रावेर घराण्याची सही

“वोत्रावेर आणि कंपनी दोनशे वर्षांत एकदाही डगमगलेली नाही!” असं म्हणत मस्यू एदमों वोत्रावेर यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि टेबल डगमगलं.

त्यात नवल काही नव्हतं. बँकेच्या भागीदारांच्या खोलीतल्या त्या गोल टेबलाचा एक पाय जन्मापासून आखूड होता. त्याखाली चॉकलेटच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी सारलेली असे. झाडलोट करणारी बाई दर सोमवारी ती घडी कचरा समजून उचलायची आणि मंगळवारी मस्यू एदमोंचा चुलतभाऊ आणि भागीदार गास्पार नवी घडी घालायचा. टेबल सुताराला दाखवावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. टेबल संस्थापकांचं होतं, आणि संस्थापकांच्या वस्तूला रंधा लावायचा म्हणजे काय!

तर तो सोमवार होता, नव्या वर्षातला पहिला. जिनिव्हाच्या वरच्या गावात तळ्याकडून बीझ सुटला होता आणि तो बोचरा वारा खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या घालत होता. मस्यू एदमोंचा जावई ऑरेल ज्यूनो भागीदार म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच टेबलाशी बसला होता. ऑरेल मूळचा नशातेलच्या घड्याळवाल्यांच्या घरातला. तिकडची माणसं बेताचं बोलतात आणि उघडून बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. लग्नानंतर त्याने बँकेचा गुंतवणूक समूह सांभाळला होता. समूहात द्राक्षमळे होते, सिमेंटचा कारखाना होता, डोंगरावरची हॉटेलं होती आणि, का कुणास ठाऊक, कवळ्या बनवणारी एक कंपनी होती. थोरले भागीदार तेओदोर काका निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची ऑरेलला मिळाली.

आतल्या खोलीच्या रीती बाहेर कुणाला ठाऊक नसत. दारावर पाटी नाही, कारण ज्याला पाटी लागते त्याचं तिथे काम नाही. सकाळचं टपाल सगळ्यांनी मिळून उघडायचं. मतदान नाही, एकजण जरी गप्प बसला तरी बेत बारगळला. ज्या किमतीला वाटा मिळाला त्याच किमतीला निवृत्तीच्या दिवशी परत द्यायचा. बँक बुडाली तर भागीदाराने घर, मळा, बायकोची मोत्यांची माळ, शेवटचा चमचासुद्धा आणून टेबलावर ठेवायचा. आणि भागीदार घराण्यातला पुरुषच असावा, तो नसेल तर जावई चालेल, असं कराराच्या पहिल्याच कलमात होतं.

“आणि मुलगी?” ऑरेलने एकदा विचारलं होतं.

“मुलगी?” मस्यू एदमोंना प्रश्नच कळला नाही. “अरे, तिच्यासाठीच तर जावई असतो!”

सहीचीही एक रीत होती. भागीदाराने स्वतःच्या नावाने सही करायची नाही, घराण्याच्या नावाने करायची. ‘वोत्रावेर आणि कंपनी’ एवढंच, पण आपापल्या वळणात. गास्पारची सही त्याच्यासारखीच गुबगुबीत होती.

“कर बघू,” मस्यू एदमों कोरा कागद पुढे सारत म्हणाले. “कुणाची नक्कल करू नकोस. हाताला जशी येईल तशी येऊ दे.”

ऑरेलने दौतीत टाक बुडवला. का कुणास ठाऊक, त्याने आधी करंगळीशेजारच्या बोटाने टेबलावर टकटक केलं. मग सही केली. ती एका दमात झाली. पहिल्या अक्षराची शेपटी खाली उतरली आणि माशाच्या गळासारखी वर वळली. ऑरेलचं अक्षर कसं? घड्याळाच्या काट्यांसारखं, सरळ नि बारीक. असली शेपटी त्याने आयुष्यात कधी काढली नव्हती.

गास्पारने घाम पुसला. बाहेर बीझ असताना माणसाला घाम यावा हे ऑरेलच्या लक्षात राहिलं.

“हं,” मस्यू एदमों म्हणाले. ते जावयाकडे बघत नव्हते. त्याच्या हाताकडे बघत होते. “या.”

आजवर त्यांनी जावयाला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

*

हात गार पडू लागला तो त्याच आठवड्यात. उजवा तेवढा. मनगटापर्यंत ऑरेल होता आणि मनगटाच्या पुढे जानेवारी. डॉक्टरने नाडी पाहिली, सुया टोचल्या, ‘बँकवाल्यांना व्यायाम नसतो’ असं निदान केलं आणि पैसे घेतले. बायकोने, सिबिलने, करड्या लोकरीचे हातमोजे विणून दिले. ऑरेल घरातसुद्धा उजवा मोजा घालून बसे.

“काय रे, अर्धवट थंडी वाजते का तुला?” सिबिल चिडवायची. पुढे पुढे तिने चिडवणं सोडलं. त्याने आपला हात पांघरुणाबाहेर ठेवावा, एवढंच ती सांगू लागली.

त्यांची मुलगी ओदिल नऊ वर्षांची होती. एकदा ती गृहपाठ करत असताना ऑरेलने येता जाता तिच्या केसांवरून हात फिरवला. ती मान वर न करता म्हणाली, “पपा, हा नको. तुझा हात फिरव.”

“हा माझाच आहे की.”

“नाही,” ओदिल म्हणाली आणि बेरीज करत राहिली.

त्या दिवसापासून ऑरेलने तिला उजव्या हाताने शिवायचं सोडलं.

बँकेत मात्र हाताचं कौतुक वाढत होतं. टपालातलं महत्त्वाचं पत्र आता ऑरेलच्या उजव्या हाताशी ठेवलं जाई. जेवताना मीठदाणी त्याच बाजूला. वसंतात ऑरेलने समूहासाठी लियोंची एक शीतगृहांची कंपनी घ्यायचा बेत तयार केला. कित्येक महिने राबला होता त्यावर. एदमों राजी, गास्पार राजी. ऑरेलने सहीसाठी टाक उचलला. हाताने तो खाली ठेवला. ऑरेलने पुन्हा उचलला. हाताने पुन्हा ठेवला, अगदी हळुवार, हट्टी मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. मग टेबलावर टकटक.

“नाही म्हणतायत,” गास्पार पुटपुटला.

“कोण?” ऑरेलचा आवाज चिरकला. “कोण नाही म्हणतंय? हा बेत माझा आहे, गास्पार!”

“आहे ना,” मस्यू एदमों कागद गोळा करत समजुतीने म्हणाले. “छान बेत होता.”

उन्हाळ्यात त्या कंपनीचं दिवाळं वाजलं. बँकेने एका बड्या संकटातून सुटका झाल्याबद्दल भागीदारांच्या जेवणात एक जादा पदार्थ केला. वाढताना गास्पारने ऑरेलच्या पाठीवर थाप मारली नाही. त्याने वाकून त्याच्या मनगटाला हलकेच बोट लावलं आणि ते बोट, कुणी बघत नाही असं समजून, आपल्या कपाळाला लावलं.

ऑरेल उठून जिन्यात गेला. तिथे भिंतीवर जुन्या भागीदारांची चित्रं होती. इतकी वर्षं तो त्यांच्यासमोरून चढला उतरला होता, पण बघितलं आजच. संस्थापकांचा उजवा हात टेबलावर होता, करंगळीशेजारचं बोट किंचित उचललेलं. पुढे पिढ्या बदलत गेल्या. बाकीचे हात उघडे होते, गुबगुबीत, अंगठ्यांनी सजलेले. पण प्रत्येक पिढीत एकजण असा, की त्याचा उजवा हात कोटाच्या आत तरी होता, नाहीतर मोज्यात.

*

तेओदोर काका तळ्याच्या काठी राहत. ऑरेल गेला तेव्हा ते डाव्या हाताने नाशपाती खात होते. उजवा हात मांडीवर, अजून सवयीने कातडी मोज्यात, पडलेल्या पाखरासारखा.

“ये पोरा. गार लागतो का?” त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

ऑरेलने खुर्ची ओढली.

“काका, हे काय आहे?”

“मला नाही ठाऊक. माझ्या आधीच्यालाही नव्हतं. विचारायची रीत नाही.” काकांनी नाशपातीची फोड तोंडात टाकली. “माझ्याकडे होता तेव्हा मी कधी चुकलो नाही. बायकोचं नाव मात्र मला लिहिता यायचं नाही. प्रेमपत्र लिहायला बसलो की खाली सही यायची: वोत्रावेर आणि कंपनी. बिचारीला वाटे, मी थट्टा करतो.”

“मग तुमच्याकडून गेला कसा?”

काकांनी बशी बाजूला सारली.

“डिसेंबरात आपण हंडी फोडली होती. आठवते?”

ऑरेलला आठवली. एस्कालादच्या सणाला गावातल्या घरोघरी चॉकलेटची हंडी फोडतात. कधीकाळी रात्री तटावर चढलेल्या शत्रूच्या डोक्यावर एका बाईने उकळत्या सूपाची हंडी ओतली आणि गाव वाचलं, त्याची ही आठवण. खोलीतल्या सर्वांत थोरल्याने आणि सर्वांत धाकट्याने हातात हात धरून ती फोडायची. बँकेतही फोडत. गाव बाईने वाचवलं असलं तरी बँकेत हंडी पुरुषच फोडत. मागच्या डिसेंबरात थोरले होते तेओदोर काका आणि धाकटा ऑरेल. काकांचा हात किती गार होता! ऑरेलला तेव्हा त्यांची कीव आली होती.

“मुद्दाम केलंत?” त्याने विचारलं.

“मी म्हातारा झालो होतो, पोरा,” काका म्हणाले. “आणि तू तर जावई. आमच्या रक्ताचा नव्हेस.”

*

ऑरेलने राजीनामा लिहिला. टंकलेखन यंत्रावर, डाव्या हाताने. खाली सही उजव्याने करावी लागली, कारण डाव्याची सही वकील मानेना. मस्यू एदमोंनी चष्मा लावून कागद वाचला आणि परत केला.

“जावईबापू, हा राजीनामा वोत्रावेर आणि कंपनीने दिलाय. कंपनी कंपनीतून कशी जाणार?”

गळासारखी शेपटी कागदावर चमकत होती.

मग ऑरेल डिसेंबरची वाट बघू लागला. आपण काय करायचं ठरवलंय हे तो स्वतःशीही मोठ्याने बोलत नव्हता. गास्पारचा मुलगा लेओपोल नव्या वर्षात भागीदार होणार होता. चांगला मुलगा होता. बोट चालवायचा, बासरी वाजवायचा, नुकतंच लग्न ठरलं होतं. हंडीला सर्वांत धाकटा तोच असणार होता. राहता राहिला थोरल्याचा प्रश्न, तर एदमों आजकाल म्हणतच होते, “आमचं काय, या घरात थोरला हात एकच, तुमचा.” ऑरेल लेओपोलला भेटला की त्याच्या बोटांकडे बघायचा. रक्ताचा तर आहे, असं मनाशी म्हणायचा. आणि मग त्याला जेवण जात नसे.

सणाच्या दिवशी टेबलावर हंडी आली, झाकणावर गावाचं मानचिन्ह, पोटात बदामाच्या लगद्याच्या भाज्या. तेओदोर काका आले नव्हते. आजारी असल्याचं कळवलं होतं. मस्यू एदमोंनी ऑरेलला पुढे बोलावलं, लेओपोलला समोर उभं केलं. ऑरेलने मोजा काढून खिशात घातला.

“थांबा, थांबा!”

दारातून ओदिल धावत आली. सणाला मुलं सोंगं काढतात, तिनेही काढलं होतं. डोक्याला फडकं, कमरेला झारा, सूप ओतणारी ती बाई. मागोमाग सिबिल धापा टाकत आली. “ऐकेचना. म्हणाली, आजोबांकडची हंडी मोठी असते.”

“सर्वांत धाकटी मी आहे!” ओदिलने जाहीर केलं आणि हंडीवर मूठ धरली.

“अगं, इथे मुली हंडी...” मस्यू एदमोंनी सुरुवात केली. मग पोरीचं सोंग बघून त्यांनाच हसू फुटलं. “बरं, बरं. घे तू पण. लेओपोल, तुझाही हात असू दे वर. रीतीला रीत झाली.”

“नको,” ऑरेल म्हणाला. “ओदिल, मागे हो.”

“का पपा?”

त्याने हात मागे ओढला.

हात मागे आला नाही. तो शांतपणे पुढे गेला आणि ओदिलच्या मुठीवर बसला. ऑरेलने खांद्यातून जोर लावला, दंड भरून आला, पण मनगटापुढे कुणी ऐकतच नव्हतं. लेओपोलने हसत हसत वरून आपला तळवा ठेवला. करंगळीशेजारचं बोट ओदिलच्या मुठीवर टकटकलं.

“प्रजासत्ताकाचे शत्रू असेच मरोत!” ही सणाची आरोळी सगळ्यांनी ठोकली आणि हंडी फुटली.

आणि ऑरेलचा हात ऊबदार झाला.

इतका एकाएकी, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटं त्याची होती. त्याने ती उघडली, मिटली. ओदिल चॉकलेटचा तुकडा चघळत होती, झारा फिरवत होती. लेओपोल मात्र तळवा विजारीला चोळत उभा होता.

“गार आहे रे बाबा तुझा हात,” तो म्हणाला.

गेला. लेओपोलकडे गेला. मुलीकडे जाणार कसा? पहिलं कलमच तसं होतं. दोनशे वर्षांत एकही बाई नाही. ऑरेलने ते कलम मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. लेओपोलच्या नजरेला मात्र त्याने नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने राजीनाम्यावर सही केली: ऑरेल ज्यूनो. सरळ नि बारीक. मस्यू एदमोंनी तो बिनतक्रार घेतला आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी नव्या भागीदाराला शुभेच्छा द्यायला तेवढं यावं, अशी विनंती केली.

*

सोमवारी टेबल डगमगत होतं. बाहेर बीझ होता.

लेओपोलने टाक उचलला. टकटक केलं नाही. सही केली.

साधी होती. गुबगुबीत, बापासारखी. शेपटी नव्हती.

“पुन्हा कर,” गास्पार म्हणाला.

त्याने पुन्हा केली. तीच.

गास्पारने त्याचा हात हातात घेऊन बघितला. “ऊबदार आहे,” तो म्हणाला, आणि या माणसाला मुलाच्या ऊबदार हाताचं दुःख झालेलं ऑरेलने पाहिलं.

मग दोघेही भागीदार वळून ऑरेलकडे बघू लागले. ऑरेलने दोन्ही हात टेबलावर ठेवले. दोन्ही त्याचेच होते.

मस्यू एदमोंचे डोळे हळूहळू बारीक झाले. ते फुटलेली हंडी आठवत असावेत, आणि तिच्यावरची ती मूठ.

“वकिलाला बोलवा,” ते अखेरीस म्हणाले. “पहिल्या कलमातला एक शब्द बदलायचाय. काळाप्रमाणे चाललं पाहिजे. लोक आम्हाला उगाच जुनाट म्हणतात.” मग अतिशय मायेने, “जावईबापू, ओदिल बरी आहे ना?”

ऑरेल ओव्हरकोट तिथेच टाकून निघाला.

जिना. चित्रं. उताराची फरसबंदी गल्ली. वारा तोंडावर येत होता.

शाळा नुकतीच सुटलेली. घरात चॉकलेटचा वास होता.

ओदिल स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर चित्राची वही, हातात रंगीत खडू. ती कागदाकडे बघत होती आणि अजून काही काढलेलं नव्हतं.

“ओदिल?”

“थांब ना पपा.”

तिने करंगळीशेजारच्या बोटाने टेबलावर टकटक केलं.

मग मान वर करून हसली, नेहमीसारखी, पडलेल्या दाताची फट दाखवत.

“पपा, तुझा तो करडा मोजा दे ना,” ती म्हणाली. “एकच पुरे. उजवा.”